राजाचा क्रूस, गावाचा क्रूस

मुळशीहून ताम्हिणी घाट उतरून कोलाड-रोह्यावरून रेवदंड्याला गेलं, की खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. आपण वर चढतो, पडक्या चर्चपुढे फोटो काढतो. अशा किल्ल्यांत दगडावर क्रूस दिसला, की ‘ख्रिस्ती खूण’ म्हणून पुढे सरकतो. पण मंडळी, सगळे क्रूस सारखे नसतात.

वसईच्या किल्ल्याचंच बघा. बालेकिल्ल्याच्या दारावर पोर्तुगालची राजचिन्हं कोरली आहेत: राजाची ढाल, आकाशगोल आणि क्रूस. या क्रुसाचे चारही हात टोकाशी पसरट होतात. हा ‘ऑर्डर ऑफ ख्राइस्ट’ या लढवय्या पंथाचा क्रूस. टेम्पलर पंथ १३१२ मध्ये बरखास्त झाल्यावर राजा दिनिश यानं १३१९ मध्ये हा नवा पंथ उभा केला. लाल क्रूस आणि त्याच्या पोटात बारीक पांढरा क्रूस, अशी त्याची खूण. पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर हीच खूण असे. लांबून ओळख पटावी, हा तिचा उपयोग. म्हणजे हा क्रूस प्रार्थनेपेक्षा मालकी सांगणारा, आपल्याकडच्या राजमुद्रेसारखा.

आता किल्ल्याबाहेर, वसईच्या गावांत या. नाक्यावर, विहिरीपाशी चौथऱ्यावर क्रूस उभे दिसतात. त्यांचे हात सरळ, कुठे टोकाला तीन पाकळ्या. काही जुन्या क्रुसांवर खिळे, हातोडा, शिडी अशी येशूच्या यातनांची साधनं कोरलेली असतात. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही कथा वाचता यावी म्हणून. मुंबईत तर १८९६ च्या प्लेगनंतर लोकांनी साथ टळावी म्हणून असे क्रूस उभारले.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. दारावरच्या क्रुसामागची सत्ता त्या दिवशी संपली. तहात मात्र मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. त्यामुळे राज्य गेलं, तरी गावची भक्ती राहिली.

हा फरक कळला नाही, तर नाक्यावरचा क्रूसही आपल्याला परक्या राजवटीची खूण वाटू लागतो आणि त्यापुढे मराठीत प्रार्थना करणारा आपलाच शेजारी परका ठरतो. दारावरचा क्रूस आज इतिहासाचा आहे. नाक्यावरच्या क्रुसावर मात्र अजूनही झेंडूची माळ चढते.