मेळघाटातील लँडस्केप फोटोग्राफी कार्यशाळा: गट छोटाच का असतो आणि पैसे भरण्याआधी काय तपासावे?

जुलै उजाडला की इन्स्टाग्रामवर चिखलदऱ्याचे रील सुरू होतात. दरीतून वर चढणारे ढग, भिजलेले काळे कडे, पायथ्याशी हिरवेगार वऱ्हाड. त्यामागोमाग जाहिरातीही दिसू लागतात: 'तीन दिवसांची लँडस्केप फोटोग्राफी कार्यशाळा, फक्त सहा जागा.' फी साध्या सहलीपेक्षा बरीच जास्त असते. साहजिकच प्रश्न पडतो की 'सहाच जागा' ही खरी गरज आहे की घाईने पैसे भरून घेण्याची युक्ती?

थोडक्यात उत्तर असे: डोंगराळ राष्ट्रीय उद्यानात छोटा गट ही गरजच आहे. त्याची दोन कारणे आहेत. चांगला प्रकाश फार थोडा वेळ टिकतो आणि जंगलाचे नियम मोठ्या घोळक्याला जागा देत नाहीत. पण गट छोटा आहे एवढ्यावरून कार्यशाळा चांगली ठरत नाही. म्हणून आधी हा प्रकार नीट समजून घेऊ.

लँडस्केप कार्यशाळा म्हणजे काय?

फोटो टूर आणि कार्यशाळा यांत फरक आहे. टूरमध्ये आयोजक तुम्हाला चांगल्या जागी योग्य वेळी नेऊन सोडतो. कार्यशाळेत शिक्षक तुमच्या शेजारी उभा राहून तुमची चौकट पाहतो, चूक दाखवतो आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर तुमच्या फोटोंची चर्चा करतो. लँडस्केप म्हणजे भूदृश्य: डोंगर, दरी, पाणी, झाडे, आकाश. वाघ दिसला तर आनंदच आहे, पण तो इथे विषय नसतो.

या पद्धतीचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाचे. छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९५५ पासून तिथे दरवर्षी कार्यशाळा घेतल्या. फोटो काढण्याआधी तो मनात पूर्ण दिसला पाहिजे, हा त्यांच्या शिकवणुकीचा गाभा. १० एप्रिल १९२७ रोजी 'हाफ डोम' या कड्यासमोर ते उभे होते, तेव्हा त्यांच्याकडे काचेच्या दोनच प्लेट उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून वापरली. मग लक्षात आले की कडा जितका भव्य वाटतो आहे तितका तो या फोटोत येणार नाही. शेवटच्या प्लेटसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळे झाले, कडा उठून दिसला आणि तो फोटो जगभर गाजला. आज मोबाईलमध्ये हजार फोटो मावतात. तरीही 'माझ्याकडे दोनच फोटो उरले आहेत' असे समजून उभे राहणे हा उत्तम सराव आहे.

आपल्या जवळचे डोंगराळ राष्ट्रीय उद्यान कोणते?

बुलढाणा जिल्ह्यातील, समजा मेहकर तालुक्यातल्या डोणगावच्या, वाचकासाठी ते गुगामल. डोणगावपासून चिखलदरा सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर आहे. अकोला, अकोट, परतवाडा असे करत पूर्णेच्या खोऱ्यातली सपाट जमीन ओलांडली की समोर सातपुड्याची भिंत उभी राहते. या भागाला गाविलगडचे डोंगर म्हणतात.

गुगामल राष्ट्रीय उद्यान सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचे आहे आणि ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात येते. १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्प योजनेत निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. 'मेळघाट' म्हणजे घाटांचा मेळ, आणि नकाशा पाहिला की नाव पटते: एकामागे एक डोंगररांगा, मधून सिपना, गडगा, डोलार, खापरा, खंडू या नद्या, आणि त्यांचे पाणी तापीला. बुलढाणेकरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. संग्रामपूर तालुक्यातले अंबाबरवा अभयारण्यही याच व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे.

प्रकाशाचे गणित: 'गोल्डन अवर' तासाचा नसतो

सूर्य क्षितिजापासून सुमारे सहा अंश वर येईपर्यंतचा प्रकाश सोनेरी आणि मऊ असतो. त्याला 'गोल्डन अवर' म्हणतात. हा शब्द थंड देशांतून आला. तिथे सूर्य तिरका चढतो. डिसेंबरमध्ये लंडनला या सहा अंशांसाठी सूर्याला पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो. मेळघाट मात्र सुमारे २१.५ उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो आणि हेच अंतर साधारण २५ ते ३० मिनिटांत कापतो. त्यात पूर्वेला डोंगर आडवा असेल तर सूर्य दिसेपर्यंतच निम्मा वेळ निघून जातो.

आता हिशोब करा. हातात २५ मिनिटे आणि शिक्षक एक. गट सहा जणांचा असेल तर प्रत्येकाला चार मिनिटे मिळतात. एवढ्यात चौकट पाहून, चूक सांगून, दुरुस्त करून घेता येते. गट पंधरा जणांचा असेल तर प्रत्येकाला दोन मिनिटेही मिळत नाहीत. मग शिक्षक फक्त 'छान, चालू दे' म्हणत पुढे सरकतो.

जंगलाचे नियम काय सांगतात?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय प्रवेश नाही, आणि फोटोग्राफी हे परवाना देण्याच्या कारणांपैकी एक आहे. सफारीच्या उघड्या जिप्सीत साधारण सहा पर्यटक, एक गाइड आणि चालक बसतात. म्हणजे सहा जणांचा गट म्हणजे एक गाडी. सगळे एकाच वेळी एकाच जागी असतात आणि शिक्षकाचे बोलणे सगळ्यांना ऐकू येते.

इथेच अनेकांचा गैरसमज असतो. गाभा क्षेत्रातल्या सफारीत ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरता येत नाही. म्हणजे ट्रायपॉड लावून निवांत फोटो काढणे तिथे होत नाही. इंजिन बंद करायला सांगायचे, कॅमेरा बीन बॅगवर किंवा घडी केलेल्या शालीवर टेकवायचा आणि शटरचा वेग थोडा वाढवायचा. ट्रायपॉडचे खरे काम बाहेर, जिथे पायी फिरायला मुभा आहे तिथे: चिखलदऱ्याचे पॉइंट, भीमकुंडाचा परिसर, सिपनाकाठचे कोलकास आणि सेमाडोह. 'तीन दिवस राष्ट्रीय उद्यानात ट्रायपॉडवर शूटिंग' असे जाहिरातीत लिहिले असेल, तर नेमके कुठे, ते विचारा.

पावसाळ्यात गाभा क्षेत्रातली सफारी सहसा बंद असते. तारखा वन विभाग जाहीर करतो. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. सफारीत मोबाईल वापरण्याचे नियमही अलीकडे कडक झाले आहेत, तेव्हा मोबाईलवर फोटो काढणाऱ्यांनी बुकिंगआधीच खात्री करून घ्यावी.

कोणत्या महिन्यात काय मिळते?

- जुलै ते सप्टेंबर: ढग, धबधबे, गच्च हिरवा. सागाला पांढरट फुलोरा येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर असलेला चिखलदरा तासन्‌तास ढगात राहतो. दोन दिवस काहीच न दिसण्याची तयारी ठेवावी.
- ऑक्टोबर आणि नोव्हेंबर: हवा स्वच्छ, गवत सोनेरी, नद्यांना पाणी. नवशिक्यांसाठी सर्वात सोपा काळ.
- डिसेंबर आणि जानेवारी: कडाक्याची थंडी, पहाटे दरीत धुके. एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा याच दिवसांत मिळतात.
- फेब्रुवारी आणि मार्च: साग निष्पर्ण, पळस पेटलेला, पुढे कुसुमाची लाल पालवी. झाडांच्या फांद्यांचे रेखाटन करायला उत्तम.
- एप्रिल आणि मे: धुरकट हवा, उघडे डोंगर. रंग कमी, पण कृष्णधवल फोटोंसाठी वाईट नाही.

कार्यशाळेत नेमके शिकायचे काय?

पहिली गोष्ट, लांब लेन्स. डोंगर म्हटले की सगळे वाइड लेन्स काढतात आणि फोटोत डोंगर मुंगीएवढे होतात. ७० ते २०० मिलिमीटरच्या लेन्सने रांगा एकमेकींजवळ येतात आणि खोली दिसते.

दुसरी, पोलरायझर फिल्टर. ओल्या पानांवर आकाशाची चमक पडते आणि हिरवा रंग पांढुरका दिसतो. फिल्टर फिरवला की चमक जाते आणि खरा रंग वर येतो. हा परिणाम नंतर एडिटिंगमध्ये नीट आणता येत नाही, म्हणून पावसाळ्यात हा एक फिल्टर सगळ्यात उपयोगी.

तिसरी, एक्सपोजर. दरी अंधारात आणि आकाश उजळ असते. आकाश पांढरे फटक झाले की त्यातला तपशील कायमचा गेला. हिस्टोग्राम पाहून आकाश वाचवावे किंवा कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो घेऊन नंतर जोडावेत. धबधब्याचे पाणी रेशमासारखे हवे असेल तर ट्रायपॉड लावून अर्धा ते दोन सेकंद शटर उघडे ठेवावे.

मोबाईलवाल्यांनी निराश होऊ नये. लेन्स पुसणे, स्क्रीनवर बोट दाबून एक्सपोजर लॉक करणे, दोन सेकंदांचा टायमर लावणे आणि रॉ फाइल घेणे या चार सवयींनी फोटो बराच सुधारतो.

पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा

1. एका शिक्षकामागे विद्यार्थी किती? 'सहा जणांचा गट' आणि 'सहा जणांचे तीन गट, शिक्षक एक' यांत फरक आहे.
2. शिक्षक त्या वेळेत स्वतःचे फोटो काढणार का? सोनेरी २५ मिनिटांत तो स्वतःच्या कॅमेऱ्यामागे असेल तर तुम्ही फक्त सहप्रवासी आहात.
3. परवाने आणि सफारीचे बुकिंग कोणाच्या नावावर? त्याची प्रत मिळेल का?
4. सफारी, मुक्काम, जेवण यांपैकी फीमध्ये काय धरले आहे?
5. ढगांनी दोन दिवस घालवले तर पर्यायी कार्यक्रम काय?
6. फोटोंवर चर्चा रोज होणार की शेवटच्या दिवशी अर्धा तास?
7. पहाटे अंधारात पॉइंटवर जाताना स्थानिक गाइड सोबत असेल का? मेळघाटात अस्वल, बिबट्या, रानगवा सगळे आहेत आणि पावसात बेसॉल्टचे कडे निसरडे होतात. हा प्रश्न विचारायला लाजू नका.

उत्तरे लेखी, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी घ्या.

फोटोचे परिणाम

फोटोने जंगल वाचवले आहे. कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्ये काढलेल्या योसेमिटीच्या फोटोंनी दूर वॉशिंग्टनमधल्या लोकांना ते खोरे पहिल्यांदा दिसले, आणि १८६४ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. आज फोटोसोबत नेमके ठिकाणही जाते, आणि पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते.

मेळघाटात याला विशेष अर्थ आहे. नामशेष झाला असे मानला गेलेला वन पिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडला. आज मेळघाट हे त्याच्या महत्त्वाच्या ठिकाणांपैकी एक आहे. त्याची ढोली दिसली तर ठिकाण टाकू नका. फोटोत फक्त 'मेळघाट' लिहिले तरी पुरते.

आणि एक गोष्ट. मेळघाटातले जे मोकळे गवताळ माळ फोटोत 'अस्पर्शित निसर्ग' म्हणून मिरवतात, त्यांतले काही कालपर्यंत गाव होते. बोरी, कोहा, कुंड या गावांचे या शतकाच्या सुरुवातीला जंगलाबाहेर पुनर्वसन झाले आणि त्यांच्या शेतांवर गवत उगवले. कोरकू माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेल्या वाटांवरूनच आज आपली जिप्सी जाते. चौकटीत माणूस नसला तरी कॅप्शनमध्ये त्याचे गाव असू द्यावे. चांगल्या कार्यशाळेत स्थानिक गाइडला गाडीत मागे बसवून गप्प ठेवत नाहीत, त्याला बोलते करतात.

फी न भरता सराव कुठे करावा?

बुलढाणेकरांचे नशीब चांगले आहे. लोणारचे विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि २०२० पासून रामसर पाणथळ स्थळ, मेहकर तालुक्याला लागूनच आहे. गोल काठ चौकटीत कसा बसवायचा, दिवसभरात पाण्याचा रंग कसा बदलतो, काठावरचा उजेड आणि तळातला अंधार एकाच फोटोत कसे सांभाळायचे, हे सगळे धडे तिथे मिळतात. एकाच जागी सलग चार सकाळी उभे राहा आणि रोज फक्त दोन फोटो काढा. अजिंठ्याच्या डोंगरातले ज्ञानगंगा अभयारण्यही खामगाव आणि बुलढाण्याच्या मधे आहे.

ते आठ फोटो घेऊन मगच कार्यशाळेला जा. आपले काय चुकते आहे हे माहीत असलेल्या विद्यार्थ्याला ती चार मिनिटे पुरतात.