चांदीतली माणसं

आमच्या देवघरात चांदीचा एक लहानसा टाक आहे. त्यावर ठोकलेली बाई म्हणजे पणजोबांची पहिली बायको. ती बाळंतपणात गेली. पणजी बिजवराला दिलेली. ती रोज पूजेत या सवतीच्या टाकावर पाणी घालायची. टाकावरचा चेहरा तसा कुणाचाही असू शकेल. पण पूजा सासूकडून सुनेकडे गेली, तसं त्या बाईचं नावही गेलं, आणि चौथ्या पिढीत ते मला ठाऊक आहे.

लग्नाच्या फोटोचा मागोवा मी या टाकापासून घेतो. फोटो येण्याआधीही घरं आठवणी जपतच होती. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत वंशावळ असे, आहेराच्या वहीत देणाऱ्यांची नावं असत, बायका जात्यावरच्या ओव्यांत माहेर सांभाळत. चेहरा मात्र कुठेच नव्हता.

१८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, त्यात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग भरू लागला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. तेव्हा फोटो रसायन लावलेल्या काचेवर निघे; काच ओली असतानाच फोटो काढून, ती वाळायच्या आत धुवावी लागे. म्हणजे अंधारी खोली हाताशी हवी. १८७० नंतर कोरड्या काचा आल्या आणि फोटोग्राफरला पेटी घेऊन लग्नघरी जाता येऊ लागलं.

तरी अंतरपाट दूर होतानाचा फोटो जुन्या घरांत सहसा सापडत नाही. मांडवात उजेड अपुरा, त्यात मुहूर्त गोरज. म्हणून नवराबायको नंतर स्टुडिओत जात, नाहीतर भर उजेडात अंगणात खुर्च्या मांडून ग्रुप फोटो निघे. हलायचं नाही, अशी ताकीद असे. जुन्या फोटोंत कुणी हसत नाही त्याला हेही एक कारण आहे.

माझ्या आजीआजोबांचा १९५१ सालचा ग्रुप फोटो असाच आहे. काळ्या जाड कागदावर चार कोपऱ्यांत बसवलेला, वर पातळ कागदाचं आवरण. मधल्या खुर्च्यांवर मुंडावळ्या बांधलेले दोघं, शेजारी व्याही, मागे उभी माणसं, पुढे सतरंजीवर पोरं. एका पोराने मान वळवली, त्याचा चेहरा पुसट आला आहे. या फोटोतल्या कितीतरी बायकांचा हा आयुष्यातला एकमेव फोटो. आजोबांच्या मावशी गेल्या तेव्हा यातूनच त्यांचा चेहरा वेगळा काढून, मोठा करून भिंतीवर लावला. ज्यांचं नाव सातबाऱ्यावर नाही, ज्यांच्या हातचं एक पत्र उरलेलं नाही, त्या बायकांचा पुरावा म्हणजे कुणाच्या तरी लग्नाचा फोटो. म्हणून मला तो इतका मोलाचा वाटतो.

हलत्या चित्राची वाटही स्टुडिओतूनच निघाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा मुंबईत फोटोग्राफीच्या धंद्यात होते. १८९६ मध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चित्रपट दाखवले गेले. त्यानंतर सावेदादांनी विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. पुढे ऐंशीच्या दशकात गावोगावच्या स्टुडिओवाल्यांनीच व्हिडिओ कॅमेरे घेतले आणि लग्नाचं ‘शूटिंग’ घराघरांत पोचलं.

व्हिडिओने घराला आवाज दिला. माझ्या मामाच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मंगलाष्टकांवर मिक्सिंगमध्ये सिनेमाचं गाणं चढवलं आहे, आजोळच्या आजीचा उखाणा त्याखाली बुडाला आहे. पण पंगतीत ती एका पाहुण्याला म्हणते, “अहो, पानात काहीच नाही तुमच्या.” एवढं एकच वाक्य स्पष्ट ऐकू येतं. तिचा आवाज आमच्याकडे आता तेवढाच आहे. ती कॅसेट पावसाळी हवेत बुरशीने पांढरी पडली होती. चालू व्हीसीआर मिळवून ती उतरवून घेतली, तेव्हा सुरुवातीचा भाग गेला होता. पंगत वाचली.

टिपणं सोपं होत गेलं तसं टिकवणं अवघड झालं. ब्लॅक अँड व्हाइट फोटोतला काळा रंग म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण. टाकातली चांदी जणू कागदावर आली. नीट धुतलेला असा फोटो शंभर वर्षंही सहज राहतो. रंगीत फोटोत चांदी राहत नाही, रंगद्रव्यं राहतात आणि ती उडतात. म्हणूनच आजीआजोबांचा १९५१ चा फोटो अजून लख्ख आहे आणि मामाच्या अल्बममधली माणसं तांबूस झाली आहेत. व्हीसीआरचं उत्पादन २०१६ मध्ये थांबलं. आताच्या लग्नात हजारो फोटो निघतात आणि मोबाइल बदलला की त्यांतले कितीतरी मागेच राहतात.

म्हणून मोजके फोटो कागदावर काढून घ्यावेत, व्हिडिओच्या दोन प्रती दोन घरांत ठेवाव्यात. आणि नावं लिहावीत. टाकावर तिचा खरा चेहरा नव्हता, तरी नाव रोज घेतलं गेलं म्हणून ती बाई राहिली. फोटोत चेहरा आहे, पण त्याची पूजा होत नाही, नाव कुणी घेत नाही.

गेल्या दिवाळीत आत्याला तो १९५१ चा फोटो दिला. भिंग धरून, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत ती सांगत गेली आणि मी मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहीत गेलो. एकोणतीस माणसांपैकी सत्तावीस लागली. मान वळवलेला पोरगा म्हणजे तिचाच थोरला चुलतभाऊ. मागच्या रांगेत डावीकडे, कडेवर मूल घेतलेली एक बाई उरली. ती आणि ते मूल आत्याला ओळखता आलं नाही. “सांगलीच्या काकूंना विचार, त्या होत्या तेव्हा,” ती म्हणाली. काकू आता नव्वदीच्या आहेत. या रविवारी फोटो घेऊन मी सांगलीला निघालो आहे.