पिवळा जाळ

गेल्या वर्षी नाशिकच्या आमच्या इमारतीत पाइपचा गॅस आला. जोडणी करायला आलेल्या माणसानं आमची दोन बर्नरची शेगडी उलटी केली, खालचे पितळी जेट काढून दुसरे बसवले, साबणाच्या पाण्यानं सगळे जोड तपासले आणि सही घेऊन तो गेला. सहा महिन्यांनी आईनं काचेची नवी शेगडी घेतली. जुनी टाकवेना. गणपतीत आम्ही ती संगमनेरजवळच्या गावच्या घरी नेली आणि तिथल्या सिलिंडरला जोडून दिली.

गौरीजेवणाच्या सकाळी आईनं तळणीची कढई चढवली. जाळ कढईच्या बाजूनं वर यायला लागला. निळा नव्हे, पिवळा, लांब आणि डुलणारा. पाच मिनिटांत कढईचं बूड काळं झालं, डोळे चुरचुरायला लागले. मी बर्नरखालची हवेची झडप फिरवून पूर्ण उघडली. फरक शून्य. कोपऱ्यात बसून पाऱ्या लाटणारी आजी म्हणाली, “अरे, जाळ पिवळाय. पिन मारली का?”

मी हसलो. हसायला नको होतं. तिचं निदान बरोबर जागी होतं, म्हणजे जेटवर. फक्त तिचा उपाय एका इंधनामागचा होता. आणि मी, इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला माणूस, एका इंधनाचे जेट दुसऱ्या इंधनावर चालवत होतो, तेही शेजारी उकळत्या तेलाची कढई असताना. गॅस बंद केला, करंज्या चुलीवर तळल्या. रात्री मात्र पिवळा जाळ डोक्यातून जाईना, म्हणून त्याचा इतिहास वाचायला घेतला.

गंमत अशी, की गॅसच्या इतिहासाची सुरुवात पिवळ्या जाळापासूनच होते, आणि तेव्हा तो दोष नव्हता, तोच माल होता. विल्यम मर्डॉकनं कॉर्नवॉलमधल्या रेडरूथच्या आपल्या घरात 1792च्या सुमारास दगडी कोळशाचा गॅस जाळला तो उजेडासाठी. 1812मध्ये लंडनच्या गॅस कंपनीला सनद मिळाली ती दिव्यांसाठी. 1865मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅस आला तोही खांबावरच्या दिव्यांत. जाळ पिवळा दिसतो तो न जळलेल्या कार्बनच्या बारीक कणांमुळे. ते तापतात आणि चमकतात. आजी पूर्वी दिव्यावर तांब्याची ताटली पालथी धरून काजळ धरायची, तेव्हा हेच कण ती गोळा करत होती. काजळ हवं असेल, उजेड हवा असेल, तर पिवळा जाळ उत्तम. स्वयंपाकाला तो वाईट, कारण भांड्याला लागते ती काजळी म्हणजे अर्धवट जळलेलं इंधन. आणि जळण अर्धवट राहिलं की काजळीसोबत कार्बन मोनॉक्साइडही तयार होऊ शकतो. त्याला ना रंग ना वास.

गॅसवर स्वयंपाक करून पाहणारे लोक लवकरच निघाले. नॉर्थॅम्प्टनच्या जेम्स शार्पनं 1826मध्ये गॅसच्या शेगडीचं पेटंट घेतलं. पण जाळाचा प्रश्न नीट सुटला तो प्रयोगशाळेत. 1855मध्ये हायडलबर्गला रॉबर्ट बुन्सेनला उष्णता हवी होती आणि काजळी नको होती. त्याच्यासाठी पीटर डेसागानं जो बर्नर बनवला, त्यात गॅस बारीक भोकातून जोरात सुटतो, सुटताना बाजूच्या छिद्रांतून हवा ओढून घेतो आणि दोन्ही नळीत मिसळल्यावर मगच पेटतात. जाळ निळा होतो. आपल्या ओट्यावरची शेगडी उलटी करून पाहा. जेट, हवेचं छिद्र, मिसळण्याची नळी. तत्त्व तेच आहे.

पुढे 1885मध्ये आउअर फॉन वेल्सबाखनं मँटल काढलं. पेट्रोमॅक्सच्या बत्तीत असते ती जाळी. मग उजेडालासुद्धा पिवळ्या जाळाची गरज उरली नाही. नंतर विजेनं दिवेच हिरावून घेतल्यावर गॅस कंपन्यांचा जोर स्वयंपाकघरावर आला.

आमच्या घरात हा सगळा प्रवास उशिरा आणि उलटसुलट पोचला. आजीच्या संसारात चुलीनंतर आला तो रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह. स्वीडनमध्ये 1892च्या सुमारास निघालेल्या प्रायमसचं हे कुळ. त्याच्या निपलात कचरा अडकायचा, म्हणून बारीक तारेची पिन. जाळ बिघडला की पिन मारायची, हे आजीच्या बोटांना पाठ झालं. भारतात घरगुती एलपीजी 1955मध्ये बर्मा शेलनं मुंबईत आणला, पण आजीकडे सिलिंडर आला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी, नंबर लावून. सिलिंडर आला तरी पिन फडताळातून गेली नाही. ती गॅसच्या जेटलाही मारली जायची. पितळ मऊ, पिन पोलादी. भोक केसभर मोठं झालं तरी गॅस जास्त सुटतो, हवा पुरत नाही आणि जाळ पिवळा होतो. म्हणजे पिवळ्या जाळावरच्या उपायानंच जाळ पिवळा होण्याची सोय व्हायची.

माझी चूक याच जातीची होती, फक्त भोक जास्त मोठं होतं. तेवढ्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूपेक्षा एलपीजीत सुमारे अडीच पट उष्णता असते. जळायला नैसर्गिक वायूला स्वतःच्या 10 पट हवा पुरते, एलपीजीला 25 ते 30 पट लागते. शिवाय आपल्याकडे पाइपचा गॅस शेगडीला साधारण 21 मिलिबार दाबानं मिळतो, सिलिंडरचा 30 मिलिबारनं. म्हणून पाइपच्या गॅसचे जेट मोठ्या भोकाचे. त्यांतून एलपीजी सोडला तर इंधनाचा लोंढा येतो. झडप उघडून तेवढी हवा मिळणं शक्यच नव्हतं.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही जुनी व्यवस्था बदलताना दोन्ही काही काळ शेजारी चालवतो. शेगडीत ती सोय नाही. ब्रिटननं हे देशभर करून पाहिलं. उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडल्यावर 1967 ते 1977 या दहा वर्षांत कारागीर घरोघर गेले, सुमारे 1 कोटी 30 लाख ग्राहकांच्या 4 कोटी उपकरणांचे बर्नर बदलले. एकेका वस्तीचा जुना गॅस बंद करायचा, उपकरणं बदलायची, मग नवा सोडायचा. त्या जुन्या कोळशाच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरपूर असायचा. तो गेला, तसं तिथल्या आत्महत्यांचं प्रमाणही घटलं. घरातल्या इंधनाचा घरातल्या जगण्या-मरण्याशी किती जवळचा संबंध असतो, ते यावरून कळतं.

कोळशाच्या गॅसचा एक गुण मात्र होता. त्याला मुळातच घाण वास यायचा. नैसर्गिक वायूला तो नाही. 18 मार्च 1937 रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेखाली असा बिनवासाचा वायू साठला आणि स्फोटात 300च्या आसपास जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर तिथे वायूत वास मिसळण्याची सक्ती झाली. आपल्या सिलिंडरला येणारा वास त्यासाठीच मुद्दाम घातलेला असतो. तो आला तर दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो. पाइपचा गॅस हलका, वर जातो. वास कुठे घ्यायचा तेही इंधनागणिक बदलतं.

गौरी गेल्यावर संगमनेरहून मेकॅनिक बोलावला. त्यानं एलपीजीचे जेट बसवले, रबरी नळीवरची मुदत पाहिली, ती संपली होती म्हणून नळीही बदलली. बर्नरची भोकं कोरड्या ब्रशनं साफ केली. जाळ निळा झाला, बुडाला चिकटून बसला. मी शेगडीच्या खाली मार्करनं “सिलिंडर” असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं.

आईचं तिथे दुखणारं डोकंही त्यानंतर थांबलं. कारण तेच होतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण आता गावी गेलं, की चहाचं आधण ठेवण्याआधी ती वाकून जाळ बघते. आजी पिन द्यायला तयार नव्हती. शेवटी ती पिन मी दोऱ्यात ओवून देवघराच्या खिळ्याला अडकवली, शेगडीपासून लांब.