जीपचा सपाट पत्रा

बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण असले तरी तेथे रेल्वे नाही. मुंबई-हावडा लोहमार्ग घाटाखालून मलकापूर, नांदुरा, शेगाव असा निघून जातो. घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या गावांना रस्त्याचाच आधार. अशा मुलखात शासन आले ते बहुधा जीपमध्ये बसून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला तेव्हा बुलढाणा जुन्या मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद व पंचायत समित्या आल्या. राज्ये बदलली, पाट्या बदलल्या. गटविकास अधिकाऱ्याची जीप मात्र राहिली. पुढे माणसे कोंबून नेणारी ‘काळी-पिवळी’सुद्धा याच गोत्रातली.

आज एखादी जुनी जीप कोणी हौसेने पूर्ववत करायला काढली, तर इंजिनाची चिंता फारशी नसते. चिंता असते पत्र्याची. तळ कुजलेला, मडगार्डच्या कडा खाल्लेल्या, बोनेट दोनदा ठोकून सरळ केलेले. मग बाजारातून नवे पत्रे आणले जातात. जीपच्या बाबतीत हे पत्रे मिळतातही. फिलिपिन्समध्ये तर महायुद्धातल्या जीपचा संपूर्ण सांगाडा नव्याने बनवून जगभर विकला जातो. ऐंशी वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या कोणत्या गाडीचे असे भाग्य आहे? हे असे का, याचे उत्तर थोडे इतिहासात आहे आणि थोडे भूमितीत.

१९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन लष्कराने एका हलक्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांकडे मागणी पाठवली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. बँटम या लहानशा कंपनीच्या वतीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या तळावर उभी राहिली. एवढ्या अवधीत पत्रा दाबण्याचे मोठे पोलादी साचे घडवणे शक्यच नव्हते. म्हणून पत्रे सपाट ठेवले, कडा सरळ रेषेत वाकवल्या आणि तुकडे जोडले. पुढे विलीज व फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा काढल्या तेव्हा साचे आले, पण अंगाचा मूळ साधेपणा टिकला.

या साधेपणाचा अर्थ वर्गात दोन मिनिटांत दाखवता येतो. पोस्टकार्ड घ्या, त्याची नळी होते, शंकू होतो, घडी होते. त्याच पोस्टकार्डाने चेंडू मात्र सुरकुतीशिवाय झाकता येत नाही. कागद एका दिशेने वाकतो. एकाच जागी दोन्ही दिशांनी वाकवायचा तर तो ताणावा किंवा आकसावा लागतो. गाऊसने १८२७ मध्ये हेच गणिताने सिद्ध केले. अँबॅसडरचे फुगीर मडगार्ड चेंडूच्या जातीचे आहे. त्याला साचा हवा किंवा तासन्‌तास हातोडी चालवणारा कसबी डेंटर. जीपचे मडगार्ड पोस्टकार्डाच्या जातीचे. ज्याच्याकडे पत्रा कापायची कात्री, वाकवायचे यंत्र आणि वेल्डिंगचा संच आहे, तो ते बनवू शकतो. ४९ दिवसांच्या घाईने जीपला हे दीर्घायुष्य दिले, असे म्हणायला हरकत नाही.

आकार करणे सोपे आहे. बसवणे सोपे नाही. नवे मडगार्ड जागेवर धरले की चार भोके जुळतात आणि पाचवे जुळत नाही, हा अनुभव कोणत्याही गॅरेजात मिळेल. कारागीर म्हणतो, ‘माल डुप्लिकेट आहे.’ ते खरे असले तरी पुरेसे नाही.

पहिले कारण पत्र्याच्या स्वभावात आहे. तार काटकोनात वाकवून सोडली की ती थोडी उलट उघडते, कारण वाकवताना झालेल्या बदलाचा लवचीक भाग परत जातो. मोठे कारखाने साचा मुद्दाम जास्त वाकवून ही उणीव भरून काढतात. दुसरे कारण नकलेत आहे. नमुना म्हणून जी जुनी जीप घेतली असेल, तिचे पोचे व वाक नकलेत उतरतात, आणि नकलेची नक्कल केली की चूक वाढते. विद्यार्थ्यांना एका पट्टीवर पाच सेंटिमीटरच्या दहा खुणा करायला सांगा: एकदा प्रत्येक खूण आधीच्या खुणेपासून मोजून, एकदा सगळ्या खुणा एकाच टोकापासून मोजून. शेवटच्या खुणेपाशी पहिल्या रीतीतली चूक सहसा जास्त दिसेल. दर खेपेस जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर चुकले, तर साखळीत ही चूक पाच मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि बोल्टला एवढी मोकळीक नसते.

तिसरे कारण मला सर्वांत गमतीचे वाटते. जीप इंचात जन्मली. तिच्या दोन चाकांमधले अंतर ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. भारतात मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा, आणि अंमल १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. म्हणजे मुंबईत माझगावला विलीजच्या जीपांची जुळणी सुरू झाली तेव्हा देश इंचातच मोजत होता, आणि जीपा गावोगाव पसरल्या तेव्हा मोजपट्टी बदलत होती. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा असतो. आठ मिलिमीटरचा बोल्ट शेजारी ठेवला तर डोळ्याला फरक कळत नाही. पण एकाच्या बारीक आट्यांमधले अंतर १.०६ मिलिमीटर आणि दुसऱ्याच्या आट्यांमधले १.२५. नवा बोल्ट दोन फेरे छान जातो, मग अडतो; पाना लांब घेऊन जोर लावला की जुन्या आट्या जातात.

सुटे भाग अदलाबदल करून बसावेत ही कल्पनाच मुळी फार जुनी नाही. १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये तीन कॅडिलॅक मोटारी पूर्ण सुट्या केल्या, भाग एकमेकांत मिसळले आणि पुन्हा तीन मोटारी जुळवून धावपट्टीवर पळवल्या, तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली. त्याआधी प्रत्येक भाग कानशीने घासून त्याच्या जागी ‘फिट’ करावा लागे. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतला ‘फिटर’ हा शब्द त्या काळची आठवण आहे. जुन्या जीपवर नवा पत्रा चढवणारा कारागीर कॅडिलॅकच्या आधीच्या काळात परत जातो.

म्हणून जाणते कारागीर वेल्डिंग सर्वांत शेवटी करतात. कुजलेला तळ कापण्याआधी दाराच्या मोकळ्या जागेत लोखंडी नळीचा आडवा टेकू लावतात, नाहीतर अंग उघडते. चेसिसचे दोन्ही कर्ण मोजतात. समोरासमोरच्या बाजू समान असताना कर्णही समान आले तर चौकट काटकोनी, हे आठवी-नववीचे प्रमेय. मग पुढची जाळी, मडगार्डे, बोनेट सारे सैल बोल्टांवर टांगतात, फटी पाहतात, चेसिसवरच्या गाद्यांखाली पातळ चकत्या घालतात. पोलादाचा एक मीटर पत्रा दर अंशाला ०.०१२ मिलिमीटर वाढतो. घाटाखालच्या मे महिन्यातील दुपार आणि जानेवारीची पहाट यांत चाळीस अंशांचा फरक धरला तरी वाढ अर्धा मिलिमीटरही होत नाही. वेल्डिंगच्या रेषेत मात्र पत्रा वितळेपर्यंत तापतो आणि शेजारचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, म्हणून लाटा येतात. एक टाका इथे, पुढचा हातभर दूर, मध्ये पत्रा निवू द्यायचा. घाई केली की मग लांबी भरून लाटा झाकाव्या लागतात, आणि लांबीखाली गंज पुन्हा सुरू होतो.

गंजाचीही एक तऱ्हा आहे. युद्धकालीन जीपच्या तळाखाली टोपीच्या काटाच्या पट्ट्या होत्या आणि त्यांत लाकडी ठोकळे भरलेले. लाकूड पाणी धरून ठेवी. जेथे प्राणवायू कमी पोचतो तेथेच लोखंड खाल्ले जाते: घासलेल्या पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला तर कडेपेक्षा मधला भाग झिजतो. दोन पत्र्यांमधली चीर म्हणजे असाच दडलेला मध्यभाग. त्यात पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातला काळा, क्षारयुक्त चिखल भरला तर बोलायलाच नको.

आता वादाचा मुद्दा. महिंद्राने भारतात वर्षानुवर्षे बनवलेली सीजे-३बी ही ‘हाय बोनेट’ जीप. १९५३ मध्ये विलीजने डोक्यावर झडपा असलेले उंच इंजिन बसवले, म्हणून बोनेट वर उचलावे लागले. हौशी मंडळींना हवे असते महायुद्धातले ‘लो बोनेट’ आणि नऊ फटींची जाळी. तसे पत्रे बाजारात मिळतात, आणि भारतीय जीप युद्धातली असल्याचे सोंग घेते. मला हे पसंत नाही. उंच बोनेट कुरूप असेल, पण ते त्या इंजिनाचे कारण सांगते.

प्रश्न केवळ आवडीचा उरलेला नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या खासगी वाहनाला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा. तळाचा गंजका पट्टा बदलणे आणि अख्खे अंग बदलणे यांतली रेषा कुठे, याला मोजपट्टी नाही. दुसरीकडे १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील शासकीय वाहनांची नोंदणी पुढे चालत नाही. ती भंगार केंद्रात जातात. पंचायत समितीच्या आवारात उभी असलेली जीप आता लिलावातून एखाद्या गॅरेजात पोचण्याची वाट जवळजवळ बंद झाली आहे.

तेव्हा कुजका भागच कापावा, नव्या तुकड्याच्या आतल्या बाजूस साल ठोकावे आणि काढलेला पत्रा फेकण्याआधी त्यावर रुपयाएवढी जागा पॉलिश कागदाने हळूहळू घासावी. रंगाचे थर झाडाच्या वलयांसारखे एकामागून एक उघडतात. बाहेरचा कोणी मालकाने दिलेला. त्याखाली कधी खात्याचा, कधी लष्कराचा हिरवा. सर्वांत आत रेड ऑक्साइड. जीपच्या कागदपत्रांत न सापडलेले मालक बऱ्याचदा इथे सापडतात.