आभासी ऐरणीवरील लोहारकाम

अद्भुतरम्य विश्वात घडणाऱ्या भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममध्ये खेळाडूची प्रगती दोन वाटांनी होते. पात्राचे कौशल्य वाढते आणि त्याची आयुधेही बदलत जातात. लोखंडी तलवारीच्या जागी पोलादी येते, चामडी अंगरख्यावर चिलखताची मात होते. ही आयुधे सहसा शत्रूला मारून, भुयारे धुंडाळून किंवा दुकानातून मिळतात. ती स्वतः घडविण्याची सोय दिली, की रचनाकारांपुढे पेच उभा राहतो. घडविलेली वस्तू सापडलेल्या वस्तूहून फार सरस ठरली तर भटकंतीला अर्थ उरत नाही. निकृष्ट ठरली तर ऐरणीकडे कोणी फिरकत नाही.

पहिल्या दोषाचे ठळक उदाहरण म्हणजे बेथेस्डाचा 'स्कायरिम' (२०११). त्यातील लोहारकामाची मांडणी मोठी देखणी आहे. खाणीतून खनिज काढावे, भट्टीत वितळवून त्याच्या लगडी कराव्यात, कातडी कमावून पट्ट्या कापाव्यात आणि मग ऐरणीवर बसावे. कौशल्य १०० गुणांपर्यंत वाढते. पोलाद आरंभीच साधते, ड्वार्व्हन धातूसाठी ३०, एबनीसाठी ८० आणि ड्रॅगनच्या हाडांसाठी पूर्ण १०० गुण लागतात. मात्र मूळ आवृत्तीत वस्तू स्वस्त असो वा महाग, ती घडविल्याचा अनुभव सारखाच मिळे. एक लगड आणि चामड्याची एक पट्टी एवढ्यावर लोखंडी खंजीर तयार होई. साहजिकच खेळाडूंनी गावाबाहेर पाऊल न टाकता शेकडो खंजीर घडविले. २०१२ मधील सुधारणेनंतर अनुभव वस्तूच्या किमतीवर ठरू लागला, तेव्हा मंत्राने लोखंडाच्या खनिजाचे सोने करून अंगठ्या घडविण्याची युक्ती रूढ झाली. लोहार व्हायचे तर आधी सोनारकी करायची, असा हा उलटा न्याय!

यात एक मेखही होती. लोहारकामातील प्रगतीने पात्राची एकूण पातळी वाढते आणि त्या पातळीनुसार अनेक शत्रूही बलवान होतात. तलवार चालविण्याचा सराव न करता केवळ हातोडा चालविणाऱ्याची रणात फजिती होण्याची शक्यता असते. पण लोहारकाम, मंत्रसंस्कार आणि औषधी रसायने यांची सांगड घातली, की घडविलेल्या शस्त्रापुढे गुहेत सापडणारे शस्त्र फिके पडते. चिलखतामुळे आघातात होणारी घट ८० टक्क्यांवर रोखलेली आहे. शस्त्राच्या धारेला अशी मर्यादा नाही.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने (२००४) निराळा मार्ग धरला. मुख्य व्यवसाय दोनच शिकता येतात, त्यामुळे कारागीर एकमेकांवर अवलंबून राहतात आणि लिलावगृह गजबजते. कृतींना रंग दिलेले असतात. नारिंगी कृतीतून कौशल्य हमखास वाढते, करड्या कृतीतून मुळीच नाही. खंजिरांचा ढीग रचून पुढे जाण्याची वाट त्यामुळे आपोआप बंद होते. साधा पण चोख उपाय.

दुसरा दोष जॅगेक्सच्या 'रुनस्केप'मध्ये (२००१) दिसला. रून धातूचे छातीचे चिलखत घालायला संरक्षणाची ४० वी पातळी लागते. ते घडवायला मात्र लोहारकामाची ९९ वी पातळी हवी. या पातळीसाठी १,३०,३४,४३१ अनुभवगुण लागतात आणि ९२ व्या पातळीवर जेमतेम निम्मी वाट सरलेली असते. एवढ्या तपश्चर्येनंतर हाती येणारी वस्तू खेळाडूंनी कधीच मागे टाकलेली असे. तिचा मोठा उपयोग उरला तो मंत्राने नाण्यांत रूपांतर करण्यापुरता. आपले चिलखत कोणी अंगावर घालणार नाही, हे कारागिराला घडवितानाच ठाऊक असे.

२०१९ मध्ये जॅगेक्सने मुख्य खेळातील खाणकाम आणि लोहारकाम नव्याने बेतले. रून ५० व्या पातळीवर आणले आणि वर ९० पर्यंत चार नवे धातू घातले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'ओल्ड स्कूल रुनस्केप'ने मात्र जुनाच तक्ता राखला आहे. तेथे २०२२ मध्ये राक्षसासाठी प्रचंड तलवारी ओतण्याची एक भट्टी सुरू झाली. तिच्या मुशीत लगडींबरोबर तयार चिलखतेही वितळविता येतात.