प्रादेशिक धोरण आणि स्थलांतरितांचे सामीलीकरण : भाईंदरच्या केबिन रोड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
भाईंदर पूर्वेचा केबिन रोड हा बृहन्मुंबईच्या सीमेबाहेर, दहिसरच्या पलीकडे विस्तारलेल्या दाट नागरी वस्तीचा भाग होय. मिठागरे, शेती व मासेमारीवर जगणाऱ्या आगरी, कोळी व ख्रिस्ती समाजांच्या गावांतून हे नगर घडले. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद, तर २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे १ लाख ७५ हजार होती. ती २००१ मध्ये ५ लाख २० हजारांवर आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. मुंबईत घर न परवडणारी मराठी कुटुंबे आणि गुजराती, राजस्थानी व उत्तर भारतीय कुटुंबे येथे शेजारी झाली.

परवाना आणि भाषा :
राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ नुसार नागरिकास देशात कोठेही वास्तव्य करता येते. त्यामुळे येणाऱ्यास रोखणे राज्याच्या अधिकारात नाही. त्यास सामावून कसे घ्यावे, एवढेच राज्याच्या धोरणाला ठरविता येते. २० फेब्रुवारी २०१६ च्या परिपत्रकाने ऑटोरिक्षा परवान्यासाठी मराठीच्या ज्ञानाची अट घातली. त्याविरुद्ध रिक्षा संघटना न्यायालयात गेल्या व मार्च २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरविले. प्रौढाच्या उपजीविकेशी भाषेची चाचणी जोडण्याचा हा प्रयत्न टिकला नाही.

शाळा आणि भाषा :
२०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे केले. २०२०-२१ पासून पहिली व सहावीच्या वर्गांपासून टप्प्याटप्प्याने त्याची अंमलबजावणी सुरू झाली. येथे दायित्व स्थलांतरितावर नसून शाळेवर आहे, हा मूलभूत भेद लक्षात घेणे अगत्याचे ठरते. त्या वर्षी पहिलीत बसलेले मूल २०२९-३० मध्ये दहावीत असेल. म्हणजेच या धोरणाचे फळ एका पिढीनंतर दिसणार आहे.

ही प्रतीक्षा समाजाला सहज मानवत नाही. पहिलीपासून हिंदीविषयक शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेण्यात आले. त्याच सुमारास मीरा रोड येथे भाषेच्या कारणावरून एका दुकानदारास मारहाण झाली. ३ जुलै रोजी व्यापाऱ्यांचा आणि ८ जुलै रोजी मराठी भाषकांचा मोर्चा निघाला. मीरा-भाईंदरमधील या शेजाऱ्यांत संवादाची भाषा अद्याप पुरती रुजलेली नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, परवान्याच्या अटीपेक्षा वर्गातील अध्यापन अधिक टिकाऊ धोरण आहे. मात्र कायदा केल्याने शिक्षक मिळत नाही. अमराठी मुलांना द्वितीय भाषा म्हणून मराठी शिकवू शकणारे प्रशिक्षित शिक्षक आणि त्या पद्धतीची पाठ्यसामग्री पुरविली नाही, तर मराठी हा केवळ उत्तीर्ण होण्यापुरता विषय राहील. तसे झाल्यास केबिन रोडवरील पुढील पिढी एकाच इमारतीत राहूनही परस्परांस परकी राहण्याचा धोका संभवतो. म्हणूनच स्थानिक संस्था व अध्यापक महाविद्यालये यांचे दायित्व येथे निर्णायक ठरते.