आई गावची जुनी वेल

फ्रान्स देशात ‘आई’ नावाचे एक गाव आहे. ते लोक लिहिताना कसेही लिहोत, उच्चार मात्र आपल्या घरातल्या हाकेसारखाच. मार्न नदीच्या काठचे, एपर्ने शहराजवळचे हे लहानसे गाव शँपेन प्रांतातले. मद्याचा थेंबही न चाखलेल्या, फ्रान्सला कधी न गेलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तराने त्या गावाविषयी दिवाळी अंकात का लिहावे, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण निफाड तालुक्यातल्या माझ्या मामांच्या द्राक्षबागेत आहे. परंतु तिकडे वळण्यापूर्वी आईची हकीकत सांगतो.

१८२९ साली या गावात तिघांनी मिळून एक पेढी घातली. आतानाझ द व्हिलेरमों हे आरमारात नोकरी केलेले सरदार. द्राक्षमळे त्यांचे, पण खानदानी माणसाने व्यापाऱ्याच्या पाटीवर आपले नाव लावणे त्या काळी कमीपणाचे. तेव्हा पाटीवर नावे लागली ती दुसऱ्या दोघांची, पॉल रनोदँ आणि ज्याक बोलँजे यांची. यांपैकी बोलँजे मूळचा जर्मन, व्युर्टेंबर्गकडचा. १८३७ साली त्याने व्हिलेरमोंच्याच मुलीशी लग्न केले. सासऱ्याचे नाव पाटीवर आले नाही ते नाहीच; जावयाचे मात्र आजतागायत टिकले.

शँपेन फसफसते कशी, हे मी पूर्वी मुलांना विचारले असते तर मलाही उत्तर आले नसते. द्राक्षाचा रस एकदा आंबवून जी साधी वाइन होते, तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. आत पुन्हा आंबण्याची क्रिया सुरू होते. तिच्यातून निघणाऱ्या वायूला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच मुरतो. मग खाली साचलेला गाळ हळूहळू बाटलीच्या तोंडाशी आणून काढून टाकायचा. या कामाला गार तळघरे लागतात आणि वर्षानुवर्षांचा धीर लागतो. बोलँजेंच्या घरी अजूनही बरीचशी वाइन पहिल्यांदा आंबते ती ओकच्या पिंपांत, आणि ती पिंपे दुरुस्त करणारा कारागीर त्यांनी पदरी ठेवला आहे.

हे घर नावारूपाला येत असतानाच फ्रान्सवर मोठे संकट आले. अमेरिकेतून आणलेल्या रोपांबरोबर फिलोक्सेरा नावाचा, माव्याच्या जातकुळीतला एक कीटक समुद्र ओलांडून आला. १८६० नंतर दक्षिणेतले मळे एकाएकी वाळू लागले. १८६८ साली माँपेलिएचे प्राध्यापक प्लाँशों यांनी वेल उपटून मुळे तपासली, तेव्हा हा चोर सापडला. १८९० च्या सुमारास तो शँपेनमध्येही शिरला. अखेर उपायही अमेरिकेतूनच आला. तिकडच्या जंगली द्राक्षांच्या मुळांना हा कीटक मारू शकत नव्हता. तेव्हा खुंट अमेरिकन आणि वरचा डोळा फ्रेंच, असे कलम बांधायचे ठरले. आज फ्रान्समधल्या बहुतेक साऱ्या वेली अशा परक्या पायांवर उभ्या आहेत.

बोलँजेंचे काही तुकडे मात्र वाचले. आई गावात त्यांच्या घराजवळच भिंतींनी वेढलेले दोन, ‘क्लो सँ-ज्याक’ आणि ‘शोद तेर’, म्हणजे उबदार जमिनी. तिसरा बूझी गावातला ‘क्र्वा रूज’, म्हणजे तांबडा क्रूस. आईतले दोन तुकडे मिळून आपल्या हिशेबाने जेमतेम एक एकर. तिथली पिनो न्वार जातीची काळी द्राक्षे अजून आपल्याच मुळांवर वाढतात. भिंतींनी त्यांना वाचवले म्हणावे, तर बूझीचा तुकडा उघड्यावर होता, आणि तोही पुढे शंभरेक वर्षे तगून राहिला.

या मळ्यांत वेलींच्या सरळ ओळी नाहीत, यात्रेतल्या माणसांसारखी गर्दी आहे. त्याचे कारण तिथली लागवडीची रीत. छाटणीनंतर वेलीचे जुने लाकूड जमिनीत गाडायचे आणि कोवळा फाटा तेवढा वर ठेवायचा. गाडलेल्या लाकडाला नवी मुळे फुटतात. दरवर्षी असे करत गेले की वेल पावला-पावलाने पुढे सरकते. काम सारे हाताचे, नांगराला फार तर घोडा.

हे वाचले आणि मला मामा आठवले. माझ्या लहानपणी त्यांच्या बागेत एखादी वेल मेली की ते शेजारच्या वेलीची लांब काडी वाकवून मातीत दाबत, वर दगड ठेवत आणि टोक मांडवाकडे वळवत. पुढच्या वर्षी तिथे वेल उभी. ‘दाब दिला’ असे ते म्हणत. मीही सुट्टीत दगड उचलून दिले आहेत. पुढे जमीन खारावली, पाणी ओढू लागले आणि मामांनी ती बाग तोडली. नवी लावली ती ‘डॉगरिज’ खुंटावर. हा खुंटही टेक्सासकडच्या रानटी द्राक्षाचा. कीटकाच्या भयाने नव्हे, खाऱ्या मातीपायी; पण निफाडची वेलही अशी अमेरिकन पायांवर आली. मामांनी चूक केली असे मी म्हणणार नाही. कर्ज वाईनच्या इतिहासावर फिटत नाही. तरी बाग तोडली त्या दिवशी ते जेवले नव्हते, हे मला ठाऊक आहे.

आता त्या घरातल्या बाईंविषयी. एलिझाबेथ, लोकांच्या तोंडी लिली, यांचा जन्म १८९९ चा. माहेर लॉ द लोरिस्तों घराण्यातले. याच घराण्यातला झाँ लॉ बादशहा शाह आलमच्या बाजूने बिहारात लढला आणि सैन्य पांगल्यावरही आपली तोफ न सोडता इंग्रजांच्या हाती सापडला. तो दिवस १५ जानेवारी १७६१, म्हणजे आपल्या पानिपताच्या दुसराच! १९४१ साली, गावावर जर्मनांचा अंमल असताना, लिलीबाईंचे यजमान वारले. मूलबाळ नव्हते. पेट्रोल मिळेना, तेव्हा बाई सायकलवरून मळे तपासू लागल्या. युद्ध संपले तरी त्यांची सायकल काही सुटली नाही. तीस वर्षे, १९७१ पर्यंत, त्यांनी पेढी चालवली. १९७७ साली त्या वारल्या.

तोवर त्या जुन्या तुकड्यांचा रस इतर रसांत मिसळून जाई. १९६९ साली, बाईंच्या सत्तरीच्या निमित्ताने, तो पहिल्यांदा वेगळा ठेवला. त्याला नाव दिले ‘जुन्या फ्रेंच वेली’. वर्षाला काही हजार बाटल्या, त्याही सगळ्या वर्षी नाहीत. त्यामुळे किंमत ऐकूनच घाम फुटावा.

नाव ‘जुन्या वेली’ खरे. पण मळ्यात जाऊन पाहावे तर जमिनीवर दिसणारे लाकूड कोवळेच. म्हातारे लाकूड मातीखाली. तिथे जुनी आहे ती वेल नव्हे, दर हिवाळ्यात ती वाकवून गाडणाऱ्या हातांची सवय. ती एका पिढीने दुसरीला शिकवली नाही, तर दोनचार वर्षांत सारे संपेल. आम्हा मास्तरांना हे वेगळे सांगायला नको.

आणि शिकवूनही भरवसा नाहीच. २००४ च्या सुमारास फिलोक्सेराने बूझीचा तांबडा क्रूस गाठला आणि तो तुकडा गेला. उरले आईतले दोन. कीटक त्याच मातीत, त्याच प्रांतात आहे. उद्या याही भिंतींच्या आत तो शिरू शकेल, हे तिथे काम करणारा प्रत्येक माणूस जाणतो.

मागच्या दिवाळीत मी हे सारे मामांना सांगितले. बाटलीची किंमतही सांगितली. तिचे त्यांना काही वाटले नाही. बराच वेळ ते गप्प बसले, मग म्हणाले, “तो बूझीचा तुकडा गेल्यावर बाकीच्यांत दाब देणं थांबवलं का रे त्यांनी?”

“नाही मामा. अजून दर हिवाळ्यात देतात.”

“मग बरंय,” मामा म्हणाले, आणि चहाची कपबशी पुढे ओढली.